आवाज लिहून ठेवणारा माणूस

माझ्या आजीने आयुष्यात एकदाही सही केली नाही. रेशनच्या कार्डापासून जमिनीच्या कागदांपर्यंत जिथे जिथे तिची गरज लागली, तिथे तिने डाव्या हाताचा अंगठा उठवला. वडील चौथीपर्यंत शिकले, आई शाळेत गेलीच नाही. पदवीच्या वर्गात बसणारी आमच्या घरातली मी पहिलीच. त्यामुळे मागच्या पिढ्यांनी लिहून ठेवलेले असे आमच्या घरात काहीच नाही. पत्र नाही, वही नाही, पोथीच्या कोपऱ्यात टिपलेली एखादी तारीखही नाही.

पण एक कॅसेट मात्र आहे. १९९५ च्या दिवाळीला माझे चुलते मुंबईहून एक टेपरेकॉर्डर घेऊन आले होते. एका पहाटे त्यांनी तो जात्याशेजारी ठेवला आणि आजी दळत असताना तिच्या ओव्या भरून घेतल्या. एका बाजूला सिनेमाची गाणी आणि दुसऱ्या बाजूला आजी. मधूनच जात्याची घरघर, बांगड्यांचा आवाज, गोठ्यातल्या वासराचे हंबरणे. आजी २०१७ साली गेली, तेव्हा मी लहान होते. टेपरेकॉर्डर त्याआधीच माळ्यावर गेला होता. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी तो खाली उतरवला. ओव्या मोबाइलवर उतरवून घ्याव्यात, म्हणजे सगळ्यांना ऐकता येतील, एवढाच माझा हेतू होता.

यंत्राच्या बटणांवरची अक्षरे झिजून गेली होती. मी एक बटण दाबले. कॅसेट फिरू लागली, पण आवाज येईना. मी कान लावून बसले. अर्ध्या मिनिटाने माझ्या लक्षात आले की मी वाजवण्याचे नव्हे, भरण्याचे बटण दाबले आहे. आजीची एक ओवी पुसली गेली होती आणि तिच्या जागी आमच्या पंख्याची घरघर व माझा श्वास भरला गेला होता. मी घरात कोणाला काही बोलले नाही. टेपरेकॉर्डर पुन्हा माळ्यावर ठेवला आणि सुट्टी संपताच कॉलेजला परत आले.

आवाज पुसला कसा जातो हे समजून घ्यावे म्हणून मी आमच्या ग्रंथालयात पुस्तके शोधू लागले. आवाज मुळात राहतो कसा, हे समजल्याशिवाय तो जातो कसा हे कळणार नव्हते. त्या शोधात माझ्या हाती थॉमस अल्वा एडिसनचे चरित्र पडले. वाचकहो, एडिसन आपणा सर्वांना शाळेपासून माहीत आहे तो विजेच्या दिव्यामुळे. मला मात्र या पुस्तकात दुसराच एडिसन भेटला. त्याचीच ओळख करून देण्यासाठी हा लेख.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात मिलान या छोट्या गावी झाला. सात भावंडांतला तो सर्वांत धाकटा. तो सात वर्षांचा असताना कुटुंब मिशिगन राज्यातील पोर्ट ह्यूरन या गावी गेले. शाळेत तो जेमतेम काही महिने टिकला. त्याची आई नॅन्सी लग्नाआधी शिक्षिका होती. तिने त्याला घरीच शिकवले आणि वाचनाची गोडी लावली. पुढे जगातल्या विद्यापीठांनी ज्याच्या शोधांवर ग्रंथ लिहिले, त्या माणसाने कॉलेजात शिकून पदवी कधी घेतली नव्हती. हे वाचताना मला उगाचच धीर आला.

बाराव्या वर्षाच्या सुमारास तो पोर्ट ह्यूरन ते डेट्रॉईट या आगगाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला. सामानाच्या डब्यात त्याने रसायनांच्या बाटल्या मांडल्या, छोटे छपाईयंत्र बसवले आणि १८६२ साली धावत्या गाडीत स्वतःचे साप्ताहिक छापून विकले. याच वयात त्याला कमी ऐकू येऊ लागले. लहानपणीच्या आजारामुळे हे झाले असावे, असे चरित्रकार मानतात. ते ऐकणे पुढे कमी कमीच होत गेले. आवाज साठवण्याचे यंत्र जगाला ज्याने दिले, त्याला स्वतःला नीट ऐकू येत नव्हते, ही गोष्ट मला पुस्तक मिटल्यावरही बराच वेळ सोडीना.

त्याच वर्षी माउंट क्लेमेन्स स्टेशनवर त्याने स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला चालत्या डब्याखाली येण्यापासून वाचवले. त्या उपकाराची फेड म्हणून स्टेशनमास्तरने त्याला तारायंत्राचे काम शिकवले. मग काही वर्षे तो गावोगाव फिरणारा तारमास्तर झाला. रात्रपाळी करायची आणि उरलेल्या वेळात यंत्रे उघडून पाहायची, हा त्याचा क्रम. १८६९ साली त्याला पहिले पेटंट मिळाले ते विधिमंडळातली मते झटपट मोजणाऱ्या विजेच्या यंत्राचे. यंत्र उत्तम चालत होते, पण ते कोणालाच नको होते. त्यातून त्याने धडा घेतला की लोकांना हवे असेल तेच बनवायचे. हा धडा त्याच्या फार उपयोगी पडला, आणि पुढे एका बाबतीत तो स्वतःच तो विसरला. ते ओघाने येईलच.

१८७६ साली त्याने न्यू जर्सीतील मेन्लो पार्क येथे आपली प्रयोगशाळा उभारली. एडिसन एकटा बसून शोध लावीत असे, हा समज चुकीचा आहे. त्याच्याभोवती कसबी कारागिरांचा मोठा मेळा होता. १८७७ साली ही मंडळी टेलिफोन आणि तारायंत्र सुधारण्याच्या मागे होती. तारेने आलेला संदेश कागदावर खाचांच्या रूपाने उठवून ठेवायचा आणि नंतर तोच पुढे पाठवायचा, अशा एका यंत्रावर काम चालू होते. टेलिफोनमध्ये बोलण्याने पातळ पडदा थरथरतो हे एडिसनला ठाऊक होते. त्याने दोन्ही गोष्टी जोडल्या. संदेशाच्या खाचा जर राहू शकतात, तर बोलण्याच्या थरथरीच्या खाचा का राहू नयेत?

त्याने काढलेल्या आराखड्यावरून जॉन क्रूसी या कुशल कारागिराने डिसेंबर १८७७ च्या सुरुवातीला यंत्र तयार केले. ते इतके साधे होते की त्याची रचना मी वहीत सहज काढू शकले. पितळेचे एक नळकांडे, त्यावर मळसूत्रासारखी खाच, आणि ते फिरवायला हाताने चालवायचा दांडा. नळकांड्यावर कथलाचा पातळ पत्रा गुंडाळायचा. एका बाजूला पडदा आणि त्याला टोचणी. दांडा फिरवीत पडद्याशी मोठ्याने बोलले की पडदा थरथरे आणि टोचणी पत्र्यावर कमीजास्त खोल दाब उमटवी. मग नळकांडे मागे आणायचे, दुसरी टोचणी त्याच खाचेवर टेकवायची आणि पुन्हा दांडा फिरवायचा. आता खाचा टोचणीला हलवीत, टोचणी पडद्याला हलवी, आणि बोललेले शब्द परत ऐकू येत. एडिसन त्या यंत्रापुढे लहान मुलांचे एक बडबडगीत म्हणाला आणि यंत्राने ते त्याला परत म्हणून दाखवले.

आवाजाची खूण उमटवणारा तो पहिला माणूस नव्हता. फ्रान्समध्ये स्कॉट द मार्टिनव्हिल याने १८५७ सालीच काजळी धरलेल्या कागदावर आवाजाच्या लहरी रेखाटणारे यंत्र केले होते. पण त्या रेघांतून पुन्हा आवाज काढण्याची सोय त्यात नव्हती. त्याच्या १८६० सालच्या एका कागदातून संगणकाच्या साहाय्याने आवाज काढला गेला तो थेट २००८ साली. स्कॉटने आवाज लिहिला, एडिसनने तो वाचूनही दाखवला, असे म्हणता येईल. फोनोग्राफ या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थही ध्वनी लिहिणारा असाच आहे.

एक गोष्ट मात्र मी दोनदा वाचली. ज्या पत्र्यावर ते पहिले बडबडगीत उमटले, तो पत्रा उरलेला नाही. कथलाचा पत्रा फार नाजूक. दोनचार वेळा वाजवला की खाचा बुजत आणि नळकांड्यावरून काढला की तो फाटे. शिवाय दांडा एकसारखा फिरला नाही तर आवाज कधी चिरका, कधी घोगरा होई. जगातल्या पहिल्या ध्वनिमुद्रणाची ही कथा वाचली आणि माझ्या मनावरचे ओझे थोडे हलके झाले. आवाज हरवण्याची गोष्ट माझ्यापासून सुरू झालेली नव्हती.

या यंत्राने एडिसन रातोरात प्रसिद्ध झाला. १९ फेब्रुवारी १८७८ रोजी त्याला पेटंट मिळाले. एप्रिलमध्ये त्याने वॉशिंग्टनला जाऊन खुद्द राष्ट्राध्यक्ष हेज यांना यंत्र ऐकवले. जूनमध्ये एका मासिकात लेख लिहून त्याने फोनोग्राफचे पुढील काळातील उपयोग सांगितले. पत्रे तोंडी सांगणे, अंधांसाठी बोलती पुस्तके, शिक्षण, भाषांचे जतन, संगीत, खेळणी. त्या यादीत घरातल्या माणसांचे आवाज आणि मरणाऱ्या माणसाचे अखेरचे शब्द जपून ठेवण्याचाही उल्लेख आहे. माझ्या चुलत्यांनी एडिसनचे नाव कदाचित ऐकलेही नसेल, पण त्या पहाटे त्यांनी जे केले ते या यादीतलेच होते.

आणि इतके लिहून एडिसनने ते यंत्र बाजूला ठेवले! १८७८ च्या अखेरीपासून विजेच्या दिव्याने त्याला झपाटले. १८७९ साली दिवा पेटला. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीटच्या केंद्रातून घरोघर वीज जाऊ लागली. या धामधुमीत जवळजवळ दहा वर्षे गेली. त्याच काळात, १८८४ साली, त्याची पत्नी मेरी तीन लहान मुले मागे ठेवून वारली. दोन वर्षांनी त्याने मीना मिलर हिच्याशी विवाह केला. एडिसनने तिला मोर्सच्या खुणा शिकवल्या होत्या आणि लग्नाची मागणीही त्याच खुणांनी तिच्या हातावर बोटांनी टकटक करून घातली, असे तो सांगत असे.

त्याला फोनोग्राफकडे परत आणले ते प्रतिस्पर्ध्यांनी. टेलिफोनवाल्या बेलच्या प्रयोगशाळेत चिचेस्टर बेल आणि चार्ल्स टेंटर यांनी पत्र्याऐवजी मेणाचा थर वापरला होता आणि १८८६ साली त्याचे पेटंट मिळवले होते. एडिसन पुन्हा कामाला भिडला. १८८८ च्या जूनमध्ये वेस्ट ऑरेंज येथील नव्या प्रयोगशाळेतून त्याचे सुधारलेले यंत्र बाहेर पडले. त्यात भरीव मेणाचे नळकांडे होते. त्यावर खाच दाबली जात नसे, कोरली जात असे. वरचा थर तासून काढला की तेच नळकांडे पुन्हा वापरता येई.

या यंत्राचा सर्वांत मोठा गुण असा की ते बोलत होते तसेच ऐकतही होते. वाजवण्याचा पडदा काढून भरण्याचा पडदा लावला, कोरे नळकांडे चढवले आणि कर्ण्याजवळ तोंड नेऊन स्पष्ट व मोठ्याने गायले की आपलाच आवाज घरच्या घरी भरता येई. कोरताना मेणाचा बारीक भुगा निघे, तो हलक्या ब्रशाने झाडायचा. एका नळकांड्यात सुमारे दोन मिनिटांचे गाणे मावे. किमतीही उतरत गेल्या. १८९१ साली दीडशे डॉलरला मिळणाऱ्या यंत्राऐवजी १८९९ च्या सुमारास वीस डॉलरचे यंत्र दुकानात होते. घरगुती ध्वनिमुद्रणाचा छंद आपल्याला आजचा वाटतो, पण तो तेव्हाचा आहे.

एडिसनला मात्र हे यंत्र कचेऱ्यांसाठी हवे होते. साहेबाने पत्र सांगावे आणि कारकुनाने ते ऐकून लिहावे, अशी त्याची कल्पना. ती फारशी चालली नाही. लोकांना हवे होते गाणे. १८८९ साली सॅन फ्रान्सिस्कोमधील एका मद्यगृहात नाणे टाकून गाणे ऐकण्याचे यंत्र लागले आणि त्यावर लोकांची झुंबड उडाली. १८९० साली एडिसनने बोलक्या बाहुल्या काढल्या. प्रत्येक बाहुलीच्या पोटातले बडबडगीत कारखान्यात तरुण मुली एकेकदा म्हणून भरीत. बाहुल्या लवकर बिघडत, त्यांचा आवाजही भेसूर होता. काही आठवड्यांतच तो धंदा बंद पडला. दिवसभर तेच तेच बडबडगीत म्हणणाऱ्या त्या मुलींची नावे चरित्रात नाहीत, पण मला त्या एडिसनइतक्याच आठवतात.

दरम्यान एमिल बर्लिनर याने १८८७ साली नळकांड्याऐवजी सपाट तबकडी आणली. एका साच्यावरून तबकड्यांच्या शेकडो प्रती काढता येत आणि त्या ठेवायलाही सोप्या. याच तबकडीच्या मार्गाने १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले आणि आपल्याकडे घरोघर ग्रामोफोन आला. पण तबकडीच्या यंत्रावर घरी काही भरता येत नसे. ग्रामोफोन नुसता बोलत होता, ऐकत नव्हता. दूरच्या गायिकेचे गाणे घरात आले, पण घरातल्या गाण्याला बाहेर पडायची वाट उरली नाही. ती वाट सामान्य माणसासाठी पुन्हा मोकळी झाली ती १९६३ साली निघालेल्या कॅसेटमुळे. आमच्या जात्यापर्यंत ती पोहोचायला आणखी बत्तीस वर्षे लागली.

एडिसन नळकांड्याला चिकटून राहिला. १९१२ साली त्यानेही तबकडी काढली, पण ती त्याच्याच यंत्रावर नीट वाजे. कोणते गायक घ्यायचे हे तो स्वतः ठरवी. ऐकू न येणारा तो म्हातारा फोनोग्राफच्या लाकडात दात रोवून हाडांवाटे सूर ऐके आणि गाणे चांगले की वाईट याचा निर्णय देई. त्याला जुनी, साधी, भावपूर्ण गीते आवडत, जाझ अजिबात आवडत नसे. सुरुवातीच्या तबकड्यांवर तो गायकांची नावेही छापत नसे. लोक गायकाच्या नावावर तबकडी घेतात हे त्याच्या गळी उतरेना. लोकांना हवे ते बनवायचे, हा मते मोजण्याच्या यंत्राने शिकवलेला धडा तो येथे विसरला. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या कंपनीने गाण्यांचा व्यवसाय बंद केला. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, वेस्ट ऑरेंज येथे त्याचे निधन झाले. त्याच्या नावावर अमेरिकेत १०९३ पेटंटे होती.

एडिसनचा धंदा हरला, पण त्याच्या ऐकणाऱ्या यंत्राने एक मोठे काम केले. १८९० साली जेसी फ्यूक्स या संशोधकाने ते मेन राज्यातील पासामाक्वाडी आदिवासींकडे नेले आणि त्यांची गाणी व कथा भरून घेतल्या. १९०६ पासून बेला बार्टोक हा संगीतकार तेच यंत्र घेऊन हंगेरीच्या खेड्यांत शेतकऱ्यांची गाणी गोळा करीत फिरला. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांचे शब्द त्यांच्याच आवाजात राहिले. आपल्या महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी जाऊन लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या आणि त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. ही परंपरा त्याच जातीची आहे. हे वाचेपर्यंत आजीच्या ओव्या ही आमच्या घरातली बाब आहे, असेच मी समजत होते.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा टेपरेकॉर्डर उतरवला. या वेळी आधी शिकून गेले होते. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याकडून आतला रबरी पट्टा बदलून घेतला. जुना पट्टा सैल पडल्यामुळे कॅसेट हळू फिरत होती आणि आजीचा आवाज पुरुषासारखा जड येत होता. दांडा हळू फिरला की एडिसनचे यंत्र घोगरे होई, तोच प्रकार. कापसाच्या काडीवर स्पिरिट घेऊन हेड पुसले, त्यावर तपकिरी भुकटी निघाली. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन चिमुकले तुकडे असतात. आजीच्या बाजूचा तुकडा मोडून टाकला की भरण्याचे बटण दाबलेच जात नाही. एवढी साधी गोष्ट मे महिन्यात माहीत असती तर! तुकडा मोडला, टेपरेकॉर्डरच्या कानयंत्राच्या भोकातून एक वायर संगणकाला जोडली आणि आवाज फाटू नये म्हणून बेताचा ठेवला. ओव्या उतरू लागल्या.

वडील दारात येऊन उभे राहिले. ते काही बोलले नाहीत, उंबऱ्यावर बसून राहिले. पुसलेली जागा आली. आजी मध्येच थांबली आणि आमचा पंखा घरघरू लागला. तेव्हा मी त्यांना सगळे सांगून टाकले. ते रागावले नाहीत. वासराचे हंबरणे पुन्हा एकदा लाव, एवढेच म्हणाले. ते वासरू त्यांचे लाडके होते.

ती पुसलेली ओवी आत्याला येत असेल, म्हणून मी तिच्याकडे गेले. तिला ती येत होती. तिने मोबाइलपुढे ती दोनदा म्हटली. दोन्ही वेळा शेवटचे शब्द वेगळे आले, आणि आई कधी एक म्हणायची कधी दुसरे, असे तिने सांगितले. मी ती ओवी आजीच्या मुद्रणात जोडलेली नाही, वेगळी ठेवली आहे. पंख्याचे अर्धे मिनिटही कापलेले नाही. कॅसेटवर आजीचे नाव कोणी लिहिलेले नव्हते. ते मी लिहिले, खाली १९९५ हे साल घातले, आणि अंगठ्याची खूण असते तेवढी जागा मोकळी सोडून माझी सही केली.